अब्दीचा थर्मास

डबा उघडून पहिला घास घेतला आणि आमच्या ऑफिसचा अटेंडर नरसिंग दारात उभा राहिला. हातात कागदांचा गठ्ठा. "लंच मोशन, मॅडम," म्हणाला. मी डबा झाकला.

लंच मोशन ही आमच्या हैदराबादच्या हायकोर्टाची रीत. एखादं प्रकरण उद्यावर टाकण्यासारखं नसेल, तर वकील सकाळीच न्यायमूर्तींसमोर उभा राहून परवानगी मागतो. ती मिळाली की कागदांची एक प्रत सरकारी वकिलाकडे द्यायची आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सव्वादोनला प्रकरण उभं राहतं. यात ज्याची निकड आहे त्याची सोय होते आणि सरकारी वकिलाचं जेवण जातं. त्या वर्षांत मी बरीच बारीक होते, त्याचं कारण हेच.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी गृहखात्याच्या केसेस बघणाऱ्या सरकारी वकिलांच्या ऑफिसात असिस्टंट होते. पोलीस, तुरुंग, परवाने या खात्यांविरुद्ध कोणी कोर्टात गेलं की सरकारची बाजू मांडायची, हे माझं काम. काचीगुड्याहून रोज लुनावर यायचे. आमचं घराणं मूळचं मुखेडचं, निजामाच्या वेळेपासून हैदराबादला. त्यामुळे पोलिसांशी दखनीत, साहेबांशी इंग्रजीत आणि आईशी मराठीत भांडायची सवय होती.

गठ्ठा उघडला. हेबिअस कॉर्पस. म्हणजे माणूस कोर्टासमोर आणा आणि कोणत्या कायद्याने त्याला अडकवलंय ते सांगा, अशी मागणी. अर्ज होता सुशीला कंधारकर यांचा. हिमायतनगरला राहणाऱ्या, शाळेतून रिटायर झालेल्या विधवा बाई. अडकलेला माणूस त्यांचा भाडेकरू होता, अब्दी नावाचा सोमालियाचा विद्यार्थी. वकील मोईन साहेब. सत्तरीचे, शेरवानी सोडून काळा कोट घालायला लागले त्याला चाळीस वर्षं झाली असतील, पण बोलताना अजून शेरवानीच घातल्यासारखे बोलायचे.

हकिगत साधी होती. अब्दी कॉम्प्युटर शिकायला आला होता. तो इथे असताना तिकडे त्याच्या देशातलं सरकारच कोसळलं. पासपोर्टची मुदत संपली आणि तो वाढवून देणारं कोणी उरलं नाही. सुशीलाबाईंनी त्याला सांगितलं, लपवू नकोस, स्वतः जाऊन सांग. परदेशी लोकांची नोंद ठेवणारी पोलिसांची एक शाखा असते. तिथे तो बाईंचं पत्र घेऊन गेला. शाखेने त्याला बसवून ठेवलं आणि मुदतीबाहेर राहिल्याचा गुन्हा दाखल केला. कबूल केलंस तर लवकर सुटशील, असं कोणीतरी त्याला सांगितलं. त्याने कबूल केलं. सहा महिन्यांची शिक्षा झाली. ती भोगून संपली. त्यानंतर पाच महिने झाले तरी तो तुरुंगातच होता.

मी तुरुंगात फोन लावला. सुपरिंटेंडेंट भला माणूस होता. म्हणाला, शिक्षा संपली हे खरं, पण शाखेने सांगितलंय की पासपोर्ट येईपर्यंत ठेवा. लेखी ऑर्डर आहे का, असं मी विचारलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "फोनवर सांगितलं होतं." रोजच्या मोजणीच्या तक्त्यात शिक्षा झालेले, खटला चालू असलेले आणि स्थानबद्ध असे तीनच रकाने असतात. अब्दी कशातच बसत नव्हता. तक्त्याच्या खाली लाल शाईने वेगळा एक आकडा लिहायचे, तो अब्दी.

केस आमच्या अंगाशी येणार हे मला तिथेच कळलं. मी राव सरांकडे गेले. ते आमचे मुख्य सरकारी वकील. हुशार माणूस, पण कुठलाही प्रश्न सोडवण्यापेक्षा लांबवलेला बरा, असं त्यांचं ठाम मत. ते म्हणाले, नागरिक नाही हा मुद्दा घे आणि दोन आठवडे माग.

हा मुद्दा आमच्याकडे टाइप करून ठेवलेलाच असायचा. 'अर्जदार भारताचा नागरिक नाही, सबब त्यास राज्यघटनेतील मूलभूत हक्क मागता येत नाहीत.' नाव बदललं की परिच्छेद तयार. तो अर्धाच खरा होता आणि ते मला माहीत होतं. भाषण करणं, देशात कुठेही फिरणं, कुठेही राहणं, हे हक्क घटनेने फक्त नागरिकांना दिलेत. पण कायद्यापुढे समान वागणूक आणि जीविताचं व स्वातंत्र्याचं संरक्षण, हे 'कोणत्याही व्यक्तीला' आहे. सोमालियाचा असो की आमच्या हैदराबादच्या शालिबंड्याचा. लॉ कॉलेजात हे दुसऱ्या वर्षाला शिकवतात. पण सरकारची नोकरी करायची तर दुसऱ्या वर्षाचं थोडं विसरावं लागतं, आणि मी ते बरंच विसरले होते.

अर्ज मी पेन्सिल घेऊन वाचला. कायद्याचा मुद्दा आला की समासात खूण करायची, ही माझी पद्धत. सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं की अब्दीला लहानपणापासून मधुमेह आहे आणि दिवसातून दोनदा इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं. तिथे मी खूण केली नाही. तो कायद्याचा मुद्दा नव्हता.

कोर्ट हॉलकडे निघाले तर व्हरांड्यात एक बाई आडव्या आल्या. फिकट निळं पातळ, हातात कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा.

"तुम्ही मुखेडकर ना? मराठीच आहात म्हणून कळलं. मी कंधारकर. जरा दोन मिनिटं बोलायचं होतं, त्याच्या औषधाबद्दल."

आमच्या धंद्यात एक नियम आहे. समोरच्या पक्षकाराने वकील दिला असेल, तर त्याच्याशी परस्पर बोलायचं नाही. नियम चांगला आहे. बोलता बोलता साधा माणूस स्वतःचं नुकसान करून बसतो, म्हणून तो केलाय. मी तो कधी मोडला नव्हता आणि त्याचा मला अभिमानही होता.

"बाई, मी सरकारची वकील आहे. मला तुमच्याशी बोलता येत नाही. जे काय असेल ते मोईन साहेबांना सांगा."

"त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ते नंतर बघू, आधी सुटू दे."

"मग बरोबर सांगितलं त्यांनी," असं म्हणून मी पुढे गेले. दोन मिनिटंही लागली नसती, हे आज कळतं.

समोर दोन न्यायमूर्तींचं बेंच होतं. मोईन साहेबांनी सावकाश, एकेक तारीख मांडत प्रकरण सांगितलं. मग मी उठले आणि नागरिक नसल्याचा मुद्दा घेतला. थोरल्या न्यायमूर्तींनी चष्मा काढला. ते चष्मा काढायला लागले की आमच्या ऑफिसातल्या लोकांना घाम फुटायचा.

"मिस मुखेडकर, गेल्या महिन्यात परदेशी कंपनीची टेंडरची केस होती. तुम्हीच होता ना?"

मीच होते. त्या वर्षी सरकार बाहेरच्या कंपन्यांना हात जोडून बोलावत होतं. अशाच एका कंपनीला आमच्या खात्याने वायरलेसच्या टेंडरमधून बाद केलं होतं. आम्हाला समान वागणूक मिळाली नाही, म्हणून ती कोर्टात आली. दिल्लीहून तीन वकील विमानाने आले होते. दोन दिवस सुनावणी चालली आणि कंपनी जिंकली.

"त्या कंपनीचा पासपोर्ट कोणत्या देशाचा होता?" न्यायमूर्तींनी विचारलं.

त्या केसमध्ये हा टाइप केलेला परिच्छेद मी काढला नव्हता. काढावा असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. सूटबूट घातलेला परदेशी आम्हाला परदेशी वाटलाच नव्हता.

"दोन आठवडे मिळणार नाहीत. उद्या त्याला इथे हजर करा."

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. सरकारी वकिलालाही कधीकधी हरावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी अब्दीला आणलं. उंच, काटकुळा, तेवीस-चोवीस वर्षांचा. शर्ट इस्त्रीचा होता, तुरुंगात कोणी करून दिला देव जाणे. एका हाताला पोलीस आणि दुसऱ्या हातात झाकणाला टवका गेलेला हिरवा थर्मास. मला वाटलं, चहा असेल. एवढी बडदास्त ठेवलीय तुरुंगाने, असंही मनात आलं. न्यायमूर्तींनी त्याला विचारलं, तुरुंगात काही त्रास आहे का. तो अगदी स्वच्छ हैदराबादी बोलला.

"नई साब. डॉक्टर साब बहुत अच्छे हैं."

बेंचला हसू आलं. मलाही आलं. मी लगेच उठून म्हटलं, पाहा, त्याची काही तक्रार नाही. तुरुंगाचा डॉक्टरच आवडणारा कैदी मी पहिल्यांदा पाहत होते. असं का, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

न्यायमूर्ती म्हणाले, तक्रार नसली म्हणून बेकायदा कैद कायदेशीर होत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही निकाल सांगू.

राव सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिथे शाखेचे इन्स्पेक्टर यादगिरी बसले होते. राव सर म्हणाले, निकाल येता कामा नये. निकाल आला की तो छापला जाईल, मग उद्या असे पन्नास येतील. आपणच सांगून टाकू की त्याला तुरुंगात ठेवणार नाही. मग कोर्टाला निकाल लिहायचं कारणच उरणार नाही.

याला आमच्यात अंडरटेकिंग देणं म्हणतात. सरकारी वकील सरकारच्या वतीने भर कोर्टात हमी देतो, कोर्ट ती नोंदवून घेतं आणि प्रकरण बंद करतं. परदेशी माणसाने कुठे राहायचं ते ठरवून देण्याचा अधिकार कायद्याने सरकारला आहेच. तुरुंगाऐवजी दुसरी जागा नेमून द्यायची, एवढंच.

"जागा आहे का?" मी यादगिरींना विचारलं.

"है ना मॅडम. थाने के पीछे एक क्वार्टर खाली पडा है. पंखा बी है."

मसुदा मी लिहायला घेतला आणि मनापासून लिहिला. कालची लाज होतीच. आता सरकारच्या बाजूने का होईना, या माणसासाठी काही करू, असं वाटलं. खोलीला कुलूप लावायचं नाही, पहारा फक्त आवाराच्या फाटकावर. शुक्रवारी पोलिसाबरोबर मशिदीत जाऊ द्यायचं. पत्रं लिहू द्यायची, पुस्तकं ठेवू द्यायची. भेटायला येणाऱ्यांना दर रविवारी दहा ते बारा परवानगी. औषधं शाखा पुरवील. यादगिरींच्या कपाळावर आठ्या पडत होत्या, पण मी एकेक अट त्यांच्याकडून कबूल करून घेतली. असा बारीक विचार करून लिहिलेली अंडरटेकिंग आमच्या ऑफिसातून त्याआधी गेली नसेल.

सव्वादोनला मी ती वाचून दाखवली. थोरले न्यायमूर्ती खूश झाले. सरकारी वकिलांनी न्याय्य भूमिका घेतली, असं त्यांनी ऑर्डरमध्ये लिहवून घेतलं. अर्ज निकाली. नागरिक नसलेल्या माणसाला घटनेचं संरक्षण आहे की नाही, त्यावर ऑर्डरमध्ये एक ओळही नव्हती.

बाहेर मोईन साहेब भेटले. रागावले होते आणि हसतही होते.

"क्या मॅडम, मैदानिच छोड दिए आप. लडका तो निकला, मगर मेरा फैसला खा गए."

सुशीलाबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मी मान हलवली आणि निघाले. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. चार दिवसांनी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी मावशीकडे नांदेडला गेले.

महिन्याभराने परत आले. सुट्टीनंतरचा पहिला दिवस. टेबलावर साठलेलं टपाल चाळत होते, तेवढ्यात यादगिरी आले. टोपी काढून उभेच राहिले.

"वो अब्दी गुजर गया मॅडम. परसों."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. बाकीचं उभ्यानेच सांगितलं. त्याला चार दिवस उलट्या होत होत्या, सारखं पाणी पीत होता. ऊन लागलं असेल, असं शिपायांना वाटलं. त्यांनी त्याला ताक दिलं, कांदा दिला, ओल्या फडक्याने पुसलं. मग त्याचा श्वास जोरात चालायला लागला, तेव्हा जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे पोचला तेव्हा बेशुद्ध होता. संध्याकाळी गेला.

इंजेक्शनं देत होतात का, असं मी विचारलं. "हौ मॅडम. सुबा-शाम, खुद अपने हाथ से लेता था. शिपाई के सामने. रजिस्टर है," असं म्हणून त्यांनी वही पुढे केली. एकही दिवस चुकला नव्हता. दोन्ही वेळा, वेळेवर, सहीनिशी.

माझ्याकडे येण्याचं कारण वेगळंच होतं. प्रेत शवागारात होतं. नातेवाईक नाहीत, वकिलात नाही, कळवायचं तर तिकडे सरकारच नाही. कंधारकर बाई मागायला आल्यात. त्या नात्याच्या नाहीत आणि त्याच्या धर्माच्याही नाहीत. द्यायचं की नाही, यावर सरकारी वकिलाचं मत हवं होतं. मी फाइल ठेवून घेतली.

फाइलीत सगळ्यात खाली तुरुंगातून शाखेकडे ताबा दिल्याची यादी होती. दोन पँट, तीन शर्ट, कुराण, कॉम्प्युटरची चार पुस्तकं, चष्मा, इन्सुलिनच्या बाटल्या. त्याखाली एक ओळ: 'थर्मास एक, तुरुंग दवाखान्याची मालमत्ता, परत जमा.' खाली अब्दीची सही. सुवाच्य, गोल अक्षर.

टपाल अजून अर्धं बाकी होतं. यांत्रिकपणे पुढचं पाकीट फोडलं. वर आमच्या इनवर्डचा शिक्का, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. सुट्टीत पाकिटांवर शिक्के मारायला माणूस असतो, उघडायला नसतो. पत्र मराठीत होतं, शिक्षकी अक्षरात, समास सोडून.

बाईंनी लिहिलं होतं: 'तुम्ही बोलू शकत नाही हे मला माहीत आहे, म्हणून लिहिते. अब्दीचं औषध थंड ठेवावं लागतं. माझ्याकडे होता तेव्हा फ्रीजमध्ये दाराच्या वरच्या कप्प्यात ठेवायचे. तुरुंगात डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये असायचं. इथे बाटल्या खिडकीत ठेवतात. खोलीवर पत्रा आहे. रविवारी बर्फ घालून माझा थर्मास नेऊन देते, तो सोमवारी विरघळतो. औषध माझ्याकडे ठेवून रोज आणून देते म्हटलं, तर म्हणतात, कोर्टात लिहून दिलंय, भेट फक्त रविवारी. रोज यायची तेवढी परवानगी द्यावी. मोईन साहेब मुलीकडे बंगलोरला गेले आहेत. ते असते तर तुम्हाला त्रास दिला नसता.'

मी नांदेडला काय करत होते ते सांगू का? आंबे खात होते. मावशीला सांगत होते की यंदा एक चांगलं काम झालं हातून.

इन्सुलिन उन्हात राहिलं की त्याचा गुण जातो, हे मी त्या दिवशी दुपारी आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून समजून घेतलं. बाटलीकडे बघून नेहमी कळतंच असं नाही, म्हणाले. म्हणजे अब्दी रोज सकाळ-संध्याकाळ, वेळेवर, शिपायाच्या समोर, निकामी झालेलं औषध टोचून घेत होता आणि शिपाई प्रामाणिकपणे सही करत होता. कोणीच कसूर केली नव्हती. आणि 'रविवारी दहा ते बारा' हे माझं वाक्य होतं. यादगिरी तर महिन्यातून एकदा म्हणत होते. मी भांडून आठवड्यातून एकदा करून घेतलं होतं.

प्रेताबद्दलचं मत मी तासाभरात लिहिलं. एक पान. प्रेत कंधारकर बाईंना द्यावं. मेलेल्या माणसाचं सन्मानाने दफन व्हावं हा त्याच्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि तो हक्क कोणत्याही व्यक्तीला आहे, मग ती नागरिक असो वा नसो. राव सरांनी ते वाचलं. ही शेवटची ओळ कशाला, एवढंच विचारलं. मी म्हटलं, राहू द्या सर. त्यांनी सही केली. त्या खात्याच्या फाइलींमध्ये हे वाक्य आमच्या बाजूने पहिल्यांदा लिहिलं गेलं असेल. ज्याच्यासाठी लिहिलं तो शवागारात होता.

दफन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मोईन साहेब बंगलोरहून परत आले होते. त्यांनीच त्यांच्या मोहल्ल्यातल्या कब्रस्तानात जागा मिळवली. अब्दीच्या कॉलेजातले चारपाच जण होते. यादगिरी साध्या कपड्यांत आले होते, ते मला अपेक्षित नव्हतं. सुशीलाबाई कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर कडुनिंबाखाली उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आता नियम आड येत नव्हता. प्रकरण बंद झालं होतं.

मी म्हटलं, तुमचं पत्र मी काल वाचलं. मी म्हटलं, माझी चूक झाली. आणखीही काय काय म्हटलं असेन. मी रडत होते, त्या रडत नव्हत्या.

त्या म्हणाल्या, "मीच त्याला पाठवलं होतं हो, खरं सांगून टाक म्हणून. तुमच्या आधी माझी चूक."



मोईन साहेबांनी नंतर भरपाईचा दावा करायचं मनात आणलं होतं. बाईंनी नको म्हटलं. मी दोन वर्षांनी ते ऑफिस सोडलं. लोक म्हणतात, अब्दीमुळे सोडलं. तसं काही नाही, राव सरांशी दुसऱ्याच कारणावरून वाजलं. पण सोडेपर्यंत पुढे जेवढ्या अंडरटेकिंग दिल्या, त्या देण्याआधी मी समोरच्या वकिलाला हाताला धरून त्याच्या पक्षकारापाशी घेऊन जायचे आणि दोघांच्या देखत विचारायचे की याला रोज काय लागतं. नियमात ते बसतं. तेव्हाही बसलं असतं. मोईन साहेब त्या व्हरांड्यात दहा पावलांवर उभे होते.

परदेशी कंपनीच्या केसचा निकाल कायद्याच्या रिपोर्टांत छापून आला. अजून लोक तो दाखवतात. अब्दीची ऑर्डर सव्वा पानाची. ती कुठेच छापली नाही.

आता मी आठवड्यातून दोन दिवस लॉ कॉलेजात शिकवते. दरवर्षी कोणीतरी विचारतंच की नागरिक नसलेल्याला घटनेचं संरक्षण आहे का. मी सांगते, आहे. कलम चौदा, कलम एकवीस, कोणतीही व्यक्ती. मुलं भराभरा लिहून घेतात. मग मी सांगते की संरक्षण मिळालेला माणूस रात्री कुठल्या खोलीत झोपणार आहे आणि तिथे फ्रीज आहे का, हेही विचारा. तेवढं कोणी लिहून घेत नाही.